वाघीण, एकास सत्त्याऐंशी

खोक्यात निघाल्या करड्या प्लास्टिकच्या तीन चौकटी,
चार चाकं, आणि घडी घातलेला एक कागद.
चौकटींना लटकलेली अख्खी वाघीण, सुटी सुटी.
भाच्यानं पाठवली: मामा, आता हात रिकामे, बसून जोडा.

हात रिकामे! रबाळ्याला, तिसऱ्या शेडमध्ये
बावीस वर्षं: दार उघड, माल काढ,
रनर तोड, दार लाव.
बादल्यांच्या कड्या, शाम्पूची बुचं,
एका उन्हाळ्यात नुसते कंगवे.
माल उजवीकडच्या खोक्यात,
रनर डावीकडे, ग्राइंडरच्या पिंपात.
चांगला नग कधी डोळ्यांत भरला नाही,
डोळे फक्त डाग शोधायचे.

आजही कुंदाच्या पोळपाटावर चौकट ठेवली
आणि आधी डागच बघितले.
दाराच्या पाठीला इजेक्टर पिनचे दोन गोल ठसे;
आतल्या अंगाला घेतलेत, शहाणा माणूस.
छपरावर बारीक खळी. थंड व्हायला वेळ दिला नाही.
बफरच्या कडेला पापुद्रा, सायीएवढा.
साचा दमलाय,
किंवा पाळी संपत आली होती.

खोक्यावर देशाचं नाव आहे, त्याचं नाही.
त्यानं दार उघडलं, माल काढला
आणि रनर तोडलाच नाही, तसाच पिशवीत भरला,
कारण हे गिऱ्हाईक तोडायचे पैसे मोजतं.
हसुराम मढवीला सांगितलं फोनवर.
तो इतका हसला की त्याला ठसका लागला.
म्हणाला, मग आपला पगार उलटा व्हायला पाहिजे होता.

कागद म्हणतो, तुकडे ओढू नका, कापा.
नेलकटर चालतं.
बाटलीतलं ते पाणी चिकटवत नाही,
दोन्ही कडा क्षणभर पातळ करतं
आणि त्या एकमेकींत शिरतात.
वास सुटला तशी कुंदा ओट्यापासून वळली:
हा तुमच्या शर्टाचा वास.
तिनं खिडकी उघडली. ठाणे-बेलापूर रोड आत आला.

चौदा नंबर. ब्रेकचा दांडा.
अर्धाच भरलाय, पुढे नुसती हवा.
शॉर्ट शॉट.
अशा एकशेदहा कड्यांचे पैसे
केळुसकरांनी माझ्या दिवाळीतून कापले होते.
इथं तक्रार करता येते, खाली पत्ता आहे.
वही घेतली. महोदय, लिहिलं.
मग महोदयाच्या मागे उभा दिसला कुणीतरी,
पहाटेचे चार, डोळ्यांत चुरचुर,
कान मशीनच्या उसाशाकडे.
टोपण लावलं पेनाला.

पिंपात जायचा तो रनर उचलला,
मेणबत्तीवर धरला, फिरवत राहिलो,
चकाकला तसा दोन्ही हातांनी ओढला.
शेवयी झाली. केसाहून थोडी जाड.
निवेपर्यंत श्वास सोडला नाही.
मग एक बोटभर कापून लावली.
किती पिंपं भरली असतील मी, हिशेब नाही.
त्यात किती दांडे होते, तोही नाही.

वाघीण तयार. पण पोकळ, फुंकरीनं हलते.
कागद म्हणतो, पोटात वजन घाला,
नाहीतर वळणावर रूळ सोडेल.
कुंदानं माळ्यावरून डबा काढला:
तिच्या बाबांच्या पागाच्या शिशाच्या गोळ्या.
घणसोलीच्या खाडीत जी जाळी पडायची
तिची खालची कड.
सहा गोळ्या मोजून दिल्या, सातवी परत ठेवली.
छप्पर बसवलं. आता त्या कुणाला दिसायच्या नाहीत.

रूळ नाही. इंजिन नाही.
लहानपणी कुणी म्हणायचं, वाघिणी चालल्यात,
आणि मी रुळांकडे पट्टे शोधत पाहायचो.
ओट्याच्या कडेनं बोटानं ढकलली.
मसाल्याच्या डब्यापर्यंत गेली,
जरा डावीकडे कलत.

चाक काढलं, कानस घेतली.
भात निवतोय, कुंदा म्हणाली.
निवू दे.